सहाचा आठ

उतागावांचा फोन दुपारी आला,
डोंगरापलीकडच्या गावातून, जिथे एप्रिल उजाडेपर्यंत
तळमजल्याच्या खिडक्या बर्फाखालीच असतात.
म्हणाले, "कुरामोची-सान, तुमचं यंत्र बर्फ वाढवतं."

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय.

त्रेचाळीस वर्षं त्यांनी शाळेच्या अंगणातल्या खांबापाशी
सकाळी सातला बर्फ मोजला,
वहीत लिहिला, टोकदार पेन्सिलीनं.
वहीचे कोपरे झडू लागले म्हणून गावच्या कचेरीनं
ती आमच्या नव्या कॉपियरवर स्कॅन केली.
प्रत सुबक आली. डाग नाही, सुरकुती नाही.
फक्त शोवा एकसष्टच्या फेब्रुवारीत
एकशे सहासष्ट सेंटिमीटर होतं
तिथे आता एकशे अठ्ठ्याऐंशी.

"फावडं माझ्याच हातात होतं," ते म्हणाले,
"वरचे बावीस असते तर पाठीला आठवलं असतं."

पानं मागवली. भिंगाखाली धरली.
आमची रीत अशी, की पान आलं
की यंत्र आधी उडदामाजी काळे-गोरे निवडतं,
मग पांढरं मोजत जातं:
इतकी घरं रिकामी, एक काळं, पुन्हा इतकी रिकामी.
रिकाम्याला फार जागा लागत नाही.
मग एकेक आकृती उचलून विचारतं,
हिच्यासारखी आधी पाहिली आहे का?
पाहिली असेल तर नवी ठेवत नाही,
जुनीचाच पत्ता लिहून मोकळं होतं.

त्या पानावरचा एक सहा
गारठलेल्या बोटांनी काढलेला,
वरचं टोक वळून पोटाला जवळजवळ टेकलेलं.
यंत्र म्हणालं, आठच की.
आणि मग त्याच्या मागून आलेल्या प्रत्येक सहाला
तोच पत्ता.

धूसर आलं असतं तर बरं झालं असतं.
धूसर अक्षर माणूस डोळ्यांशी नेतो, शेजाऱ्याला विचारतो.
हे चुकलं ते ठसठशीत चुकलं.

माझे वडील शाळेच्या प्रश्नपत्रिका
मेणकागदावर लोखंडी लेखणीनं कोरायचे.
रात्री घरभर करकर, सकाळी बोटांना शाई.
त्यांच्याही चुका व्हायच्या. एकदा गणिताच्या पेपरात
आगगाडी पोहोचली निघायच्या आधी.
पण ती चूक त्यांच्या हस्ताक्षरात असायची,
मुलं हसत त्यांच्याकडेच यायची.

दोन आकृत्या किती सारख्या म्हणजे सारख्या,
याचा एक आकडा असतो.
तो मी ठरवला होता, सहा वर्षांपूर्वी,
एका गुरुवारी, जेवणाच्या सुट्टीआधी,
भूक लागली होती.

तो आकडा मी घट्ट केला.
फाइल चाळीस केबीवरून एकाहत्तरवर गेली.
विक्री विभागाचे नागासे कपाळाला हात लावून बसले:
"पानामागे एकतीस केबी! आणि कशासाठी?"
मी काही बोलले नाही. नवी पानं छापली,
शनिवारी दोन गाड्या आणि एक बस बदलून गेले.

उतागावांनी प्रतीकडे पाहिलंसुद्धा नाही.
चहा ठेवला, वही मांडीवर घेतली,
"मी वाचतो, तुम्ही ताडून बघा."
नव्वद. एकशे चार. एकशे सहासष्ट, हं.
बाहेर छपरावरून बर्फाचा एक लोट सुटला,
ते थांबले नाहीत.

मार्चच्या नऊ तारखेला थांबले.
वही खिडकीजवळ नेली, चष्मा काढला, परत लावला.
"हा सहा आहे," म्हणाले. मग म्हणाले, "का आठ?"
स्वतःच्याच पेन्सिलीकडे बघत राहिले,
जणू ओळखीचा कोणी नमस्कार न करता निघून गेला.

खूप वेळानं म्हणाले,
"लिहा, वाचता येत नाही."

आमच्या संकेतांत याला पत्ता नाही.
मी समासात लिहिलं, त्यांचीच पेन्सिल मागून घेऊन,
जमेल तितकं बारीक.